खरातमामांचे उघडे हेडफोन

खरातमामा माणसांनासुद्धा ओहममध्ये मोजायचे. इस्लामपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि मी त्याच विषयाची शिक्षिका. एखाद्या अर्जावर सही मिळवायला तीन चकरा पडल्या की ते म्हणायचे, "लय ओहमचा माणूस हाय." आमचे प्राचार्य त्यांच्या मते सहाशे ओहम. चहा घेऊन येणारा गणपत चार. मी किती, असं मी एकदा विचारलं. ते गॅल्व्हानोमीटरची काच पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तुमचं बदलतंय मॅडम. सोमवारी लय असतंय."

अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इकडे आलेली. ते माण तालुक्यातल्या एका वाडीतले, मेंढपाळ धनगराच्या घरातले, बारावी सायन्स झालेले आणि मग या नोकरीला चिकटलेले. त्यांचं पूर्ण नाव धोंडिराम, पण ते फक्त पगारपत्रकात असायचं. पोरं मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामा म्हणायचो. वयानं ते माझ्याहून सातआठ वर्षांनीच मोठे असतील.

शर्टाच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात काडेपेटी. काडेपेटीत काड्या नसत, रेझिस्टन्स असत. त्यांच्यावरचे रंगीत पट्टे वाचताना त्यांचे ओठ हलायचे. पोरं गोंगाट करायला लागली की ते कधी ओरडले नाहीत. पाचशे बारा हर्ट्झचा नादकाटा रबरावर आपटायचे आणि त्याची दांडी टेबलावर टेकवायचे. सगळं टेबल गुणगुणायला लागायचं. तो आवाज संपेपर्यंत पोरं गप्प व्हायची. मग तो काटा पेटीत ठेवून ते आपल्या कामाला लागत.

एकदा बारावीच्या प्रॅक्टिकलला एका मुलीला अनुनाद नळीचा प्रयोग आला. पाण्याची पातळी खालीवर करायची, तोंडाशी नादकाटा धरायचा आणि आवाज एकदम मोठा होतो ती जागा टिपायची. तिची निरीक्षणं काहीच्या काही येत होती. बाहेरून आलेले परीक्षक वैतागले. मीही वैतागले होते, कारण ती माझ्या वर्गातली हुशार मुलगी होती. मामा तिच्याजवळ गेले, तिचं बोट नळीच्या काठाला लावलं आणि म्हणाले, "बोटानं ऐक." तिनं पुन्हा पाणी खालीवर केलं. तिन्ही निरीक्षणं बरोबर आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या वडलांना बोलावून सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं. मला म्हणाले, "मान कायम डावीकडं वळवून ऐकती ती. डावा कान गेलाय. दोन वर्षं तुमच्यासमोर बसती, तुमाला दिसलं न्हाई?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला दिसलं नव्हतं.

त्यांना गाणी ऐकायचा नाद आहे हे मला बरंच उशिरा कळलं. नाद गाण्याचा म्हणावा की गाण्याच्या आजूबाजूचा, सांगता येत नाही. गाणारीनं सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास, तबलजीनं हातोडी खाली ठेवल्याचा आवाज, मागं कुणाची तरी खुर्ची करकरलेली, कुणी खोकलेलं. असलं काही सापडलं की ते दोन दिवस खुशीत असायचे. "गाणं काय, सगळ्यास्नी ऐकू येतंय," ते म्हणायचे. "श्वास ऐकू आला पायजे." त्यासाठी एका दिवाळीला त्यांनी हेडफोन घेतला होता, कानावर गच्च बसणारा, जाड गादीचा. तो घातला की बाहेरचं जग बंद, असं ते मोठ्या कौतुकानं सांगायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. मामा पुढच्या सोप्यात बसून ऐकत होते. त्यांच्या पत्नी शालनताई परसात धुणं धूत होत्या. धुण्याच्या दगडापाशी त्यांचा उजवा पाय गेला, मग हात गेला आणि त्या आडव्या झाल्या. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. त्यांनी हाका मारल्या. मामांना ऐकू गेल्या नाहीत. शेजारच्या सुमनवहिनींनी भिंतीपलीकडून ऐकल्या, पुढच्या दाराला येऊन धक्के मारले, कडी वाजवली. तेही ऐकू गेलं नाही. शेवटी त्या भिंतीवरून परसात उतरल्या.

हे मला मामांनीच सांगितलं. सांगलीच्या दवाखान्यातून शालनताईंना घरी आणल्यावर ते कामावर आले, त्या दिवशी. नादकाट्यांची पेटी उघडून ते मोजणी करत होते.

"अर्धा तास हाक मारत हुती म्हणं. सुमनवैनीनं काय घड्याळ लावलं नव्हतं. पण ती म्हणती अर्धा तास." मग म्हणाले, "चारशे ऐंशीचा एक कमी हाय. बारावी ब च्या बॅचनं हरवला असंल."

बेल झाली आणि मी वर्गावर गेले.

गावात ती गोष्ट व्हायची तशी झाली. बायको परसात मरणाला टेकली आणि नवरा आत गाणी ऐकत बसलावता. भाजी घेताना माझ्याही कानावर आली. मी कोथिंबीर निवडून घेतली आणि पुढं गेले.

प्रयोगशाळेत एक निर्लेखनाचं कपाट आहे. मोडकी, बाद उपकरणं तिथं ठेवायची, प्रत्येकाला चिठ्ठी लावायची आणि वर्षाच्या शेवटी यादी वरती पाठवायची. फेब्रुवारीत यादी करताना मला त्या कपाटात जाड गादीचा हेडफोन मिळाला. त्याला नियमाप्रमाणं चिठ्ठी लावलेली होती. मामांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "नादुरुस्त." त्याला काही झालेलं नव्हतं. मी लावून पाहिला, दोन्ही बाजू वाजत होत्या. मी चिठ्ठी तशीच ठेवली आणि यादीत तो घेतला नाही.

शालनताईंची उजवी बाजू गेली ती परत आली नाही. बोलणंही गेलं, फक्त एक शब्द राहिला. "हाय." पाणी हवं असलं तरी हाय, नको असलं तरी हाय. पाठ दुखतेय, उजेड डोळ्यावर येतोय, कोण आलंय, सगळ्याला हाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं, एखादाच शब्द शिल्लक राहतो. मामा म्हणायचे, "एकच हाय, पण एकसारका न्हाई. सतरा-अठरा परकार हायत. माला बारा-तेरा कळत्यात." आवाज चढला नाही तर त्या डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी दांडीवर वाटी वाजवायच्या.

सकाळी त्यांचं सगळं आवरून मामा कामावर यायचे. दुपारी सुमनवहिनी बघायच्या. मधल्या सुट्टीत मामा सायकलवरून घरी जाऊन यायचे. वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. या काळात त्यांनी काही ऐकलं नाही. वर्गावरून आलेल्या पोरांच्या मोबाईलमधून गाणं वाजलं तरी ते खोलीबाहेर जायचे.

मग माणातल्या त्यांच्या गावच्या जत्रेसाठी त्यांचा भाचा सागर आला. त्याची आई विट्याजवळ दिलेली. त्या भागातल्या पुष्कळांसारखं त्याचंही तिकडं कोइमतूरला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. मामा-मामीला भेटायला तो इस्लामपुरात उतरला. त्याच्या पिशवीत एक हेडफोन होता. हौसेनं घेतला होता आणि त्याला तो आवडला नव्हता. तिथं झालेलं बोलणं मामांनी मला दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं.

"मामा, ह्येची पाठ उघडी हाय. नुसती जाळी. बाहेरचं सगळं आत येतंय, आतलं सगळं बाहेर जातंय. दुकानात लावला तर गिऱ्हाईक पण माझ्यासंगं गाणी ऐकतंय. फसलो बगा."

"बाहेरचं सगळं ऐकू येतंय?"

"सगळं."

"हाक मारली तर?"

"मारून बगा की."

मामांनी हेडफोन कानावर चढवला, गाणं लावलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. सागरनं आतल्या खोलीत जाऊन शालनताईंना काहीतरी सांगितलं असावं. आतून वाटी वाजली. मामा उठले.

"वाजली मॅडम," ते मला म्हणाले. "गाणं पण चालू हुतं आन् वाटी पण वाजली. दोनी."

फोनला जोडल्यावर मात्र त्या हेडफोनचा आवाज फार बारीक यायचा, पलीकडच्या गावातल्या लग्नाचा स्पीकर ऐकू यावा तसा. मामा तो प्रयोगशाळेत घेऊन आले. आम्ही मल्टिमीटर लावला. काटा तीनशेच्या आसपास थांबला.

"लय ओहमचा हाय," मामा म्हणाले. हे वाक्य मी सव्वा वर्षानं ऐकत होते.

मी फळ्यावर गणित मांडलं. रोध इतका, फोनमधून व्होल्टेज एवढंसं, म्हणजे शक्ती किती मिळणार. ते हाताची घडी घालून बघत होते. म्हणाले, "आमच्या माणात टेकावर टाकी हाय, तसं हाय ह्ये. पाणी थोडंच लागतंय पण वर चढवायला जोर पायजे. मोबाईलला जोर न्हाई. मदी एक पंप बसवाया लागतोय."

तो पंप म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा ॲम्प्लिफायर. पुढचे दोन महिने मामांनी त्याचा शोध घेतला. इंग्रजी परीक्षणं ते माझ्याकडं आणून वाचून घ्यायचे. मोठमोठ्या किमतीचे बघून पुढं सरकवायचे. त्यांच्या मागण्या थोड्या होत्या. तीनशे ओहमला पुरेसं व्होल्टेज. आवाजाचं एकच बटण, गुळगुळीत फिरणारं. हळू आणि जोरात असा गेनचा एक खटका. "दिवं नकोत," ते म्हणाले. "दिवं काय ऐकायचं हायत?" शेवटी एक सापडला. महिन्याच्या किराणामालाएवढी किंमत. माझ्या मोबाईलवरून मागवला आणि पार्सल कॉलेजवर आलं. दोन कंपासपेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच, काळा, जड. मामांनी तो उघडला नाही आधी. हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "हाय, आत कायतरी हाय."

घरी कॉलेजच्या लिलावातला एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला तो जोडला. आवाज आला, भरपूर आला, पण गाण्याखाली एक सारखी घरघर. दुसऱ्या दिवशी मामा आल्या आल्या म्हणाले, "पन्नास हर्ट्झ." लाइटीचा आवाज. घराला धड अर्थिंग नव्हतं. दुसरा कुणीही तारा बदलत बसला असता. मामांनी परसात चार हात खड्डा खणला, तांब्याची पट्टी उभी केली आणि वर मिठाचा एक थर, कोळशाचा एक थर असं भरत आणलं. सुमनवहिनी भिंतीवरून विचारायच्या, "भावजी, विहीर काढताय काय?" मामा सांगायचे, "कानातला आवाज घालवतोय." तो आठवडाभर ते अंगावर माती घेऊनच कामावर यायचे. शालनताईंची खाट त्यांनी दाराकडं वळवली होती, त्यांना खड्डा दिसावा म्हणून. रोज एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओतायचं काम सुमनवहिनींकडं गेलं. घरघर गेली.

मी एकदाच ते सगळं बघितलं. शनिवारी सकाळचं कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडं गेले होते, शालनताईंना भेटायला. सोप्यात भिंतीला टेबल, त्यावर तो काळा डबा, शेजारी हेडफोन आणि एक जर्नल. आतल्या खोलीचं दार काढून टाकलेलं. मामांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन दिला. कुठल्याशा जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं. मला संगीतातलं काही कळत नाही. पण आवाज डोक्यात वाजत नव्हता, खोलीत वाजत होता. गाणारी बाई समोर, थोडी डावीकडं, तंबोरा मागं, आणि त्याच खोलीत त्यांच्या गल्लीतला भंगारवाला "लोखंड, पत्रा" करत चाललेला, चुलीवरचं दूध, सुमनवहिनींच्या बादलीचा आवाज. सगळं एकाच जागी.

"आता," मामा म्हणाले आणि बोट वर केलं.

बाईनं श्वास घेतला.

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मामा उठून आत गेले. मी हेडफोन काढला. मला वाटी ऐकू आली नव्हती. तो काढल्यावरही मला काही ऐकू आलं नाही. आतून मामांचा आवाज आला, "उशी सरकली व्हय?" आणि शालनताईंचा, "हाय."

चहा करता करता त्यांनी सांगितलं, एकदा हेडफोन तिच्याच कानावर घातला होता. तिला आवडेल असं भजन लावलं होतं. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग डाव्या हातानं काढला आणि खूण करून त्यांना खाली वाकायला लावलं. एका हातानंच त्यांच्या डोक्यावर चढवला. वाकडा बसला. "तसाच ठेवला मग दिवसभर," ते म्हणाले.

टेबलावरची जर्नल मी चाळली. कुणा नापास मुलाची अर्धवट सोडलेली प्रॅक्टिकलची वही. उरलेल्या कोऱ्या पानांवर मामांनी आपलं चालू केलं होतं. हेतू, साहित्य, कृती असं छापलेलं काही भरलेलं नव्हतं. फक्त निरीक्षण. तारीख, वेळ आणि पुढं एकेक ओळ. "तीन मिनिटं बारा सेकंद, खुर्ची." "पान उलटलं." "हार्मोनियमवाल्याचं नाक." आणि त्यातच, वेगळं न करता, "बाहेर कोंबडं." "शालन खोकली." "शालन, वाटी दोनदा, पाणी." आतलं आणि बाहेरचं एकाच रकान्यात. अनुमानाचा रकाना सगळीकडं कोरा.

"अनुमान का नाही लिहीत?" मी विचारलं.

"त्ये तुमी लोकांनी लिवायचं," ते म्हणाले. "आमी सहायक."

दोन वर्षं असं चाललं. मला वाटतं ते दिवस त्यांना बरे गेले. प्रयोगशाळेत ते पुन्हा माणसांना ओहम लावायला लागले होते. प्राचार्य बदलले, तेव्हा नव्यांना महिनाभर बघून म्हणाले, "हे शॉर्ट सर्किट हायत."

शालनताई जानेवारीत गेल्या. रविवार होता. मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणीतरी फोटो टाकला होता, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मी पण हात जोडले. समोर पूर्वपरीक्षेचे पेपर होते. राहिलेले अकरा तपासले आणि मग साडी बदलून गेले. तोपर्यंत नेलं होतं. मामा आणि बाकीचे घाटावर होते. सोप्यात सागरची आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांचं आधीच रडून झालं असावं, किंवा कुणाला सुरुवात करायची नव्हती.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा गेले. मामा एकटेच होते. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळं कान मोठे दिसत होते. आतल्या खोलीतली खाट उभी करून ठेवली होती. मी बसले. त्यांनी पाणी दिलं. बराच वेळ आम्ही कॉलेजचंच बोललो, नवा ऑसिलोस्कोप आला होता त्याबद्दल. मग ते उठले, टेबलावरची जर्नल आणली आणि पान उघडून माझ्यासमोर धरली.

"त्या दिवसाचं हाय. बगा."

मी वाचलं. साडेदहापासून नोंदी होत्या. तंबोरा लावला. बाहेर टमटम. शालन, हाय, पडदा ओढला. अकरा वाजून दहा मिनिटं, गाणं सुरू. अकरा बावीस, शालन खोकली. अकरा चाळीस, मैफलीत कुणीतरी उठून गेलं. अकरा पन्नास, बाहेर सुमनवैनी, बादली. बारा पाच, गाणं संपलं, टाळ्या.

त्याच्या खाली काही नव्हतं.

"गाणं संपल्यावर मी आत गेलो. पेज द्यायची येळ हुती. तवा गेलीवती. डॉक्टर म्हणले, अर्धा-पाऊण तास झाला आसंल. झोपंतच." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "म्हंजे ह्या दोन ओळींच्या मदी कुटंतरी. खोकली त्येच्या म्होरं आन् टाळ्यांच्या आदी."

मी त्या दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"माला ऐकू येत हुतं मॅडम. सगळं ऐकू येत हुतं. कोण उठून गेलं त्ये ऐकू आलं, बादली ऐकू आली. वाटी उशाशी हुती, हात पोचत हुता. तिनं वाजवली न्हाई. हाय पण म्हणली न्हाई." मग त्यांनी मला विचारलं, प्रॅक्टिकलला एखादं निरीक्षण दाखवून विचारायचे अगदी तसंच, "तुमी सायन्सच्या हायसा म्हणून इचारतो. माझ्या ऐकण्यात चूक न्हाई न्हवं?"

मला खरं उत्तर माहीत नव्हतं. एखादं माणूस अगदी हळू काही म्हणालं असेल आणि नेमक्या त्याच वेळी टाळ्या वाजल्या असतील, हे कसं सांगणार. किंवा ती गेली तेव्हा काहीच आवाज झाला नसेल. नसतोच होत कित्येकदा.

"नाही," मी म्हणाले. "चूक नाही."

त्यांनी मान हलवली. परीक्षक सही करून जर्नल परत देतात तसं मी पान मिटलं आणि वही त्यांच्या हातात दिली. माझ्या आत काहीतरी हललं पाहिजे, असं मला वाटत होतं. हललं नाही. मी चहा न घेताच निघाले, कारण दूध नव्हतं.

मामांनी नोकरीची दोन वर्षं राहिलेली असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाला शाल आणि नारळ. नवे प्राचार्य त्यांना प्रयोगशाळेचा कणा म्हणाले. मामांना बोलायला सांगितलं, तेव्हा ते उभे राहिले, "समद्यांनी संबाळून घेतलं" एवढं म्हणाले आणि बसले. इस्लामपूरचं भाड्याचं घर सोडून ते माणात भावाकडं गेले. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. नादकाटे मीच मोजते.

गेल्या फेब्रुवारीत मला दहिवडीच्या पुढं एका कॉलेजवर बाहेरची परीक्षक म्हणून जायला लागलं. काम दुपारी संपलं. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. सावली नव्हती. रस्त्याच्या पलीकडं मेंढरं चरत होती आणि त्यांच्यामागून एक माणूस रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. जवळ येईपर्यंत मी ओळखलं नाही. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. अंगावर कॉलेजातलाच निळा शर्ट होता, विटलेला.

"मॅडम, तुमी हितं कशा?"

मी सांगितलं.

"कंचा परयोग हुता?"

"अनुनाद नळी पण होती."

"पाणी हुतं का लॅबमदी?"

"टँकरचं होतं."

"मग बरं," मामा म्हणाले.

आम्ही उभे राहिलो. मेंढरं भावाची, म्हणाले, दीडशे हायत. गुडघे दुखत्यात. सागरला तिसरी मुलगी झाली. मी आमच्याकडचं सांगितलं, कोण रिटायर झालं, कुणाची बदली झाली. ते प्रत्येकाला "व्हय" म्हणत होते. हेडफोनचं आणि त्या डब्याचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. ते अजून ऐकतात का, हे मला जाणून घ्यायचं होतं असंही नाही. विचारायचं असतं म्हणून मनात आलं आणि गेलं.

एसटी आली ती भरून आली. फाट्यावर मघापासून पंधरावीस माणसं गोळा झाली होती, ती सगळी दाराकडं धावली. मी मागंच राहिले. मामा मात्र गाडी थांबायच्या आत तिच्याबरोबर धावले. एवढं धावताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एका खिडकीतून एक बाई उतरायला उठलेली त्यांना दिसली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मोकळ्या झालेल्या सीटवर खिडकीतून टाकला आणि मला ओरडून म्हणाले, "खिडकी हाय मॅडम, डाव्या बाजूला, चौथी!"

आत शिरून मी त्या सीटपर्यंत पोचले. एका माणसानं टॉवेल बघून जागा सोडली होती. मी बसले. टॉवेल हातात घेऊन खिडकीतून बाहेर काढला, तोवर गाडी हलली होती. "मामा, टॉवेल!" मी म्हणाले. ते रस्त्याच्या कडेला थांबले होते, छाती वरखाली होत होती. त्यांनी हात हलवला. असू द्या, असू द्या. मग वळून पलीकडं गेले. एक मेंढरू डांबरावर येऊन उभं राहिलं होतं, त्याला त्यांनी काठीनं कडेला घेतलं.

शेजारची सीट पुढच्या थांब्यावर रिकामी झाली. मी टॉवेल तिथं ठेवला. कंडक्टर तिकीट फाडत आमच्या रांगेपाशी आला.

"इथं कोण बसलंय?"

"कुणी नाही," मी म्हणाले आणि टॉवेल उचलून मांडीवर घेतला.